रॅम महागली, विंडोज १० संपलं: जुना कॉम्प्युटर टिकवायचा तर आधी थर्मल पेस्ट बघा

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या खिशाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी २०२५ च्या शेवटी लागोपाठ घडल्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं की ‘क्रुशियल’ या ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा ती बंद करणार. कारण सगळ्यांना माहिती आहे, एआय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि तिघींनाही आता डेटा सेंटरची गिऱ्हाइकं जास्त परवडतात. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी रॅम महाग झाली आणि रॅममागोमाग नवीन पीसी-लॅपटॉपही महाग व्हायला लागले.

म्हणजे एका बाजूने सांगितलं जातंय, ‘जुनं मशीन टाका, नवीन घ्या’ आणि दुसऱ्या बाजूने नवीन मशीन हाताबाहेर चाललंय. मधल्या मध्ये अडकलेत ते सहा-आठ वर्षं जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप वापरणारे. अशांची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘गरम होतो, स्लो झालाय, पंखा विमानासारखा ओरडतो.’ यातली बरीच मशीन मेलेली नसतात. प्रोसेसर आणि कुलर यांच्यामधला चमचाभरसुद्धा नसलेला राखाडी लेप वाळलेला असतो, नाहीतर जाळीत धूळ अडकलेली असते. आज त्याबद्दल नीट समजून घेऊ. उदाहरण आपल्या मावळचंच घेऊ, कारण इथे हा विषय जरा वेगळा वागतो.

पेस्ट नेमकं काय करते?

प्रोसेसरचा वरचा धातू आणि कुलरचा खालचा धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण बारकाईने बघितलं तर दोन्हीवर खड्डे-उंचवटे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की मध्ये हवा अडकते. हवा उष्णतेच्या बाबतीत अत्यंत आळशी आहे. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, म्हणजे थर्मल कंडक्टिव्हिटी, साधारण ४०० आहे, तर हवेची फक्त ०.०२६. साध्या बऱ्या पेस्टची ४ ते ८ च्या आसपास. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही, पण हवेपेक्षा दीडशे ते तीनशे पट चांगली. पेस्टचं काम एवढंच: ती हवा हाकलायची.

एक हिशेब करू. डेस्कटॉप प्रोसेसरच्या वरची झाकणपट्टी साधारण ३ सेंटीमीटर बाय ३ सेंटीमीटर. प्रोसेसर ६५ वॅट उष्णता सोडतोय, मध्ये ०.१ मिलीमीटरचा पेस्टचा थर आहे आणि पेस्ट ५ कंडक्टिव्हिटीची आहे, असं धरा. या थरामुळे तापमानात पडणारा फरक येतो जेमतेम दीड अंश. आता त्याच जागी ०.१ मिलीमीटर हवा धरा. उत्तर येतं २७० अंशांच्या वर! अर्थात प्रत्यक्षात तेवढं होत नाही. धातू कुठे ना कुठे टेकलेला असतो आणि १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरीही नाही जमलं तर मशीन बंद होतं. वेग कमी करण्याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुम्हाला जे ‘स्लो झालाय’ वाटतं ते अनेकदा हेच असतं.

या हिशेबातून खरेदीचं एक गणितही सुटतं. ५ ऐवजी १० कंडक्टिव्हिटीची महागडी पेस्ट घेतली तर दीड अंशाचा पाऊण अंश होईल. म्हणजे फायदा एक अंशाहूनही कमी! साध्या डेस्कटॉपसाठी तिप्पट-चौपट पैसे मोजायची गरज नाही. ओळखीच्या ब्रँडची साधी नळी पुरते.

लॅपटॉपचं मात्र वेगळं. तिथे झाकणपट्टी नसते, उघड्या चिपवर थेट हीटसिंक बसतो. जागा दीड चौरस सेंटीमीटर धरली आणि ३५ वॅट उष्णता धरली तर चांगली पेस्ट असताना फरक पाचेक अंशांचा पडतो. पेस्ट वाळून, भेगा पडून तिची क्षमता दहावा भाग उरली तर तोच फरक ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये पेस्ट बदलल्याचा फायदा डोळ्यांना दिसतो आणि डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा नुसती धूळ काढूनही काम भागतं.

मावळात वेगळं काय आहे?

मावळ म्हणजे एक हवामान नाही. तळेगाव-वडगावची हवा वेगळी आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या लोणावळ्याची वेगळी. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या पावसाच्या भरवशावर टाटांनी शंभर वर्षांपूर्वी वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणं बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीज तयार केली, तोच पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळू देत नाही आणि भिंतींना बुरशी आणतो. मग तो कॉम्प्युटरला कसा सोडेल?

पण इथे एक गैरसमज दूर करू. दमट हवेने थर्मल पेस्ट ‘ओली’ होऊन खराब होत नाही. बहुतेक पेस्ट सिलिकॉन तेलावर बनलेल्या असतात, त्यांना दमटपणाची फारशी पर्वा नसते. पेस्ट खराब होते ती गरम-थंड होण्याच्या सततच्या चक्राने. प्रत्येक वेळी धातू किंचित फुगतो, आकसतो आणि पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. तेल वेगळं होतं, उरतो तो कोरडा लगदा.

ओलाव्याचा खरा फटका बसतो धुळीमुळे. कोरडी धूळ फुंकर मारली तरी उडते. ओली धूळ कुलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी चिकटून बसते. त्यात चिक्कीच्या दुकानातल्या बिलिंग मशीनला गुळा-साखरेचा बारीक थर मिळतो, हॉटेलच्या काउंटरमागच्या पीसीला स्वयंपाकघराचा तेलकट धूर मिळतो आणि तळेगावला एमआयडीसीच्या रस्त्यालगतच्या झेरॉक्स सेंटरला ट्रकची धूळ मिळते. अशा मशीनमध्ये नवी पेस्ट लावली आणि जाळी तशीच ठेवली तर उपयोग शून्य. उष्णता प्रोसेसरमधून कुलरमध्ये येईल, पण कुलरमधून बाहेर जाणार कुठे?

काही जण विचारतात, लोणावळा उंचावर आहे, हवा विरळ आहे, त्याचा परिणाम होतो का? लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण ६-७ टक्के विरळ, म्हणून पंख्याचं काम किंचित कमी होतं. पण तो फरक दोन-तीन अंशांपुरता आणि घाटावरची हवा थंड असल्याने तो भरूनही निघतो. ती काळजी सोडा.

ज्यांचं मशीन पावसाळाभर बंद पडून असतं, म्हणजे सुट्टीपुरतं उघडणारं घर किंवा कॉलेजच्या सुट्टीत रूमवर राहिलेला पीसी, त्यांनी मात्र आल्या आल्या बटण दाबू नये. आधी झाकण उघडून कोरड्या खोलीत काही तास ठेवा. बुरशी, मुंग्या, पाल, हे सगळं आत असू शकतं. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा करंट साठलेला असू शकतो.

आधी निदान, मग नळी

पेस्ट बदलण्याआधी खरंच तीच दोषी आहे का ते बघा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि तापमान बघा. काम नसताना ३५ ते ५०, जोरात काम चालू असताना ७० ते ८५ असेल तर काहीही करू नका. मशीन ठीक आहे. ९५-१०० ला टेकत असेल तर पुढचं वाचा.

तापमान *कसं* चढतं ते बघा. हे सगळ्यात उपयोगी. जड काम सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत ५० वरून थेट ९५ वर उडी मारत असेल तर उष्णता प्रोसेसरमधून कुलरपर्यंत पोचतच नाहीये. दोष पेस्टचा, नाहीतर कुलर नीट बसलेला नाही. पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत जाऊन ९५ ला पोचत असेल तर कुलरला उष्णता मिळतेय, पण ती बाहेर जात नाहीये. म्हणजे धूळ, बंद पडलेला पंखा किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप. उड्या मारणाऱ्या पातळ लॅपटॉपच्या बाबतीत मात्र थोडं सबुरीने घ्या, काही मॉडेल चांगल्या पेस्टवरही क्षणभर ९० च्या वर जाऊन खाली येतात. तिथेच अडकून राहतंय का ते महत्त्वाचं.

आणि टास्क मॅनेजर उघडून बघा. काहीच चालू नसताना प्रोसेसर ८०-९० टक्के वापरला जात असेल तर दोष उष्णतेचा नाहीच. क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर आलेला क्रिप्टो मायनर जगातली कुठलीही पेस्ट थांबवू शकत नाही.

स्वच्छ कसं करायचं, लावायचं कसं

डेस्कटॉप असेल आणि स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर हे घरी जमतं. लॅपटॉप असेल तर त्याच मॉडेलचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढा आणि मन धजत नसेल तर दुकानात द्या. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरच बरं.

१. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, मग बंद करून प्लग काढा. कोमट पेस्ट मऊ असते, कुलर सहज सुटतो.

२. कुलर सरळ वर ओढू नका. आधी डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरला खाली पिना असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कुलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. दोनशे रुपये वाचवायच्या नादात प्रोसेसर जातो तो असा.

३. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ९० टक्क्यांच्या वरचं, ९९ मिळालं तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, ऑनलाइन मिळतं. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपेंट रिमूव्हर, थिनर, पेट्रोल तर नकोच नको. पुसायला चष्म्याचं जुनं फडकं चांगलं. कापसाचे तंतू मागे राहतात. खरवडायला धातूचं काही वापरू नका.

४. कुलरची पाती ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो मोकाट फिरून बेअरिंग खराब होतं.

५. नवी पेस्ट किती? सगळीकडे ‘वाटाण्याएवढी’ सांगतात. आपला वाटाणा त्या मानाने मोठा. तुरीच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवा, दाबाने तो आपोआप पसरतो. झाकणपट्टी मोठी असेल तर थोडं जास्त. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर मात्र ठिपक्यावर विसंबू नका. पातळ, सलग थर पसरवून चिपचा प्रत्येक कोपरा झाका, कारण तिथे उघडा राहिलेला कोपरा थेट तापतो.

६. स्क्रू एकेक पूर्ण आवळू नका. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे.

७. पंख्याची वायर परत जोडा. हसू नका, सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे.

थोडी जास्त पेस्ट लागली तर आभाळ कोसळत नाही. जास्तीची कडेने बाहेर येते, पसारा होतो, एवढंच. कमी लागणं जास्त वाईट. ‘लिक्विड मेटल’ नावाचा प्रकार मात्र पहिल्यांदा करणाऱ्याने हाती घेऊ नये. त्यात गॅलियम असतं, ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतं. टूथपेस्टचे व्हिडिओ करमणूक म्हणून बघा. ती काही तास चालते, मग पाणी उडून जातं आणि खडू उरतो.

लॅपटॉप उघडल्यावर चिपच्या आजूबाजूला रबरासारखे निळे-राखाडी तुकडे दिसतील. ते थर्मल पॅड. फाटले तर त्याच जाडीचे नवे लावा. जाडीत अर्धा मिलीमीटर चुकलं तरी हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि मग पेस्ट कितीही चांगली असली तरी फुकट.

किती दिवसांनी बदलायची? डेस्कटॉपला तीन ते पाच वर्षं, रोज गेमिंग करणाऱ्या लॅपटॉपला दोन-तीन. आणि कॅलेंडरपेक्षा तापमानावर विश्वास ठेवा. दर सहा महिन्यांनी पेस्ट बदला असं कोणी सांगत असेल तर तो तुमचा नाही, स्वतःचा फायदा बघतोय.

आणि हातातला मोबाईल?

तोच नियम, वेगळी जागा. फोनमध्ये पंखा नसतो, म्हणून चिपची उष्णता ग्रॅफाइटचे कागदाइतके पातळ थर, थर्मल जेल आणि व्हेपर चेंबर यांच्यातून पूर्ण बॉडीवर पसरवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलनेही आयफोन १७ प्रोमध्ये व्हेपर चेंबर आणला. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये तो त्याआधीपासून आहे. त्यामुळे फोन बाहेरून गरम लागणं हे बऱ्याचदा कूलिंग काम करत असल्याचं लक्षण असतं.

पण फोन उघडून पेस्ट लावायच्या भानगडीत पडू नका. पाठ गोंदाने चिकटवलेली असते. एकदा उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं आणि भुशी डॅमला जाणाऱ्याला तेच तर हवं असतं. घाटात फोन तापतो त्याचं कारणही वेगळंच असतं: डॅशबोर्डवर ऊन, मॅप चालू, चार्जिंग चालू आणि बोगद्यांत-दऱ्यांत टॉवर शोधताना फोन जास्त ताकद लावतो. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, फोन उन्हातून काढून एसीच्या जाळीजवळ लावा, चार्जिंग थोडं थांबवा. पेस्टची गरज नाही.

चिप कुठे बनणार यावर भांडलो, चिप टिकणार कशी?

मावळ आणि चिप हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांना २०२२ आठवतं. वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कंपन्यांनी गुजरातशी करार केला. आपल्याकडे मोर्चे निघाले, आरोप-प्रत्यारोप झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. तो रोजगार मावळच्या मुलांना हवा होता, त्यामुळे राग चुकीचा नव्हता.

पण चिपच्या धंद्याचं दुसरं टोकही आहे आणि ते आपल्या गावात रोज चालू असतं. कामशेतच्या ई-सेवा केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना मशीन बंद पडतं. तळेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आलेला मुलगा सेकंडहँड लॅपटॉपवर प्रोजेक्ट करतो. त्याच्या घरून नवा लॅपटॉप येणार नसतो. ते मशीन आणखी दोन वर्षं चाललं, तर त्याचं शिक्षण पूर्ण होतं. इथे दुरुस्ती हा छंद नाही.

सरकारी पातळीवर थोडी हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पुढे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे त्याला गुण देणाऱ्या ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’साठी समिती नेमली, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून करायची शिफारस आहे. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती दिलीय का, असे निकष आहेत. फ्रीजवर स्टार रेटिंग असतं तसं काहीतरी.

माझं मत असं की लॅपटॉप या यादीत लवकर यायला हवा. कारण साधी पेस्ट बदलायला काही लॅपटॉपमध्ये पाच स्क्रू पुरतात आणि काहींमध्ये पूर्ण मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला हा फरक आज दिसतच नाही. रॅमचंही तसंच. बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही, हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायला पाहिजे.

दुसरीकडे हेही स्पष्ट सांगायला हवं की पेस्ट म्हणजे अमृत नाही. विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट नळीतून येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी मुदतवाढ दिली आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सेटिंगमध्ये नोंदणी करून, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बॅकअप चालू करून किंवा पैसे भरून ती घेता येते. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे. आणि मशीन खरंच संपलं असेल तर ते भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या रीसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे.

दुकानात देणार असाल तर

पुण्याला तपकीर गल्लीत जा किंवा तळेगावच्या दुकानात द्या, तीन गोष्टी करा. देण्याआधी जड काम चालू असतानाच्या तापमानाचा स्क्रीनशॉट घ्या. कुठली पेस्ट लावणार ते विचारा, नळी बघायला मागा. आणि घेताना तिथेच दहा मिनिटं तेच काम चालवून परत तापमान बघा. दहा-पंधरा अंश उतरलं तर काम झालं. दोन अंशही उतरलं नाही तर पैसे देण्याआधी शांतपणे विचारा, ‘दादा, जाळी साफ केली का?’

चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो कुलर उघडून दाखवतो.